मंगोलियात टायमेनसाठी फ्लाय फिशिंग: चोणकाच्या सरावावर कितपत भागेल?

शापोरेकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी गोव्यात बार्देशात राहतो. शापोरा नदीत शिवोलीच्या पुलापासून कोलवाळपर्यंत, आणि सवड मिळाली की फेरीबोटीने चोडणला जाऊन खाजनांच्या (बांध घातलेल्या खाडीकाठच्या जमिनींच्या) मानशींच्या, म्हणजे पाणी आतबाहेर सोडणाऱ्या दारांच्या तोंडावर, फ्लायने, म्हणजे गळावर बांधलेल्या हलक्या कृत्रिम आमिषाने, चोणक आणि तांबसो हे खाडीतले मासे गरवतो. गोड्या पाण्यातल्या फ्लाय फिशिंगचा अनुभव मात्र मला जवळजवळ नाही. ट्राउटसाठी काश्मीर किंवा हिमाचलला जाण्याची इच्छा कधी फारशी झाली नाही, परंतु टायमेन या माशाविषयी वाचल्यापासून डोक्यात दुसरे काही नाही. साल्मन आणि ट्राउटच्या कुळातला जगातला सर्वांत मोठा मासा, उंदीर आणि बदकांची पिल्ले गिळणारा, सैबेरिया आणि मंगोलियाच्या थंड नद्यांत राहणारा! १९४३ साली सैबेरियातल्या कोतुय नदीत १०५ किलोचा टायमेन मिळाल्याची नोंद सगळीकडे सांगितली जाते, ती वाचून तर झोपच उडाली.

पुढच्या वर्षी मी आणि माझा एक मित्र मंगोलियाला जाण्याचा विचार करत आहोत. जून बरा की सप्टेंबर, हे ठरवता येत नाही. माझ्याकडे नऊ नंबरचा चार तुकड्यांचा रॉड, चांगल्या ब्रेकचे रीळ आणि उष्ण प्रदेशासाठी बनवलेल्या दोन लाइन आहेत, एक तरंगणारी आणि एक हळू बुडणारी. एवढ्यावर भागेल, की सगळे नव्याने घ्यावे लागेल? चोणकासाठी केलेला सराव तिथे उपयोगी पडतो का? आणि थंडीचे काय करावे, कारण महाबळेश्वरच्या पलीकडे थंडी म्हणून काही मी अनुभवलेली नाही. खर्चाचा ढोबळ अंदाज कोणी दिला तर घरी विषय काढण्यापूर्वी मनाची तयारी करता येईल.

पर्वरीचा गरवणारा

शापोरेकर, मी उत्तर मंगोलियात एग आणि ऊर या नद्यांवर जाऊन आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. हुवसगुल सरोवरातून निघणारी एग नदी पुढे सेलेंगेला मिळते आणि सेलेंगे बैकाल सरोवरात जाते; ऊर ही एगची उपनदी. याखेरीज देल्गेरमुरुन, पश्चिमेला वाहत जाऊन येनिसेईला मिळणारी शिशगेद, आणि पूर्वेकडे आमूरच्या खोऱ्यातली ओनोन या नद्यांवरही टायमेनसाठी लोक जातात. नदी कोणती निवडायची, यापेक्षा त्या नदीवर एका हंगामात किती माणसे सोडली जातात हे आयोजकाला विचारणे जास्त महत्त्वाचे आहे. टायमेन विरळ असतो आणि तेच ते मासे पुन्हा पुन्हा गळाला लागले की हुशार होतात.

आधी त्या १०५ किलोच्या माशाचे. तो जाळ्यात सापडलेला मासा होता, आणि मंगोलियाच्या नद्या सैबेरियातल्या त्या महानद्यांच्या मानाने लहान आहेत. तुम्हाला सत्तर-ऐंशी सेंटिमीटरचे मासे मिळाले तर सहल चांगली झाली असे समजा, आणि मीटरभर लांबीचा मिळाला तर दिवाळी. दिवसच्या दिवस एकही मासा न लागण्याची तयारी हवी. ज्यांना दर अर्ध्या तासाला काहीतरी हाती लागायला हवे असते, त्यांनी टायमेनच्या वाटेला जाऊ नये. मधल्या वेळात लेनोक आणि ग्रेलिंग हे मासे पुष्कळ मिळतात, त्यासाठी पाच किंवा सहा नंबरचा हलका रॉड सोबत ठेवा. टायमेनचे मुख्य खाद्य तेच मासे आहेत, त्यामुळे ते जिथे गर्दी करतात तिथल्या खालच्या खोल डोहाकडे लक्ष ठेवण्याची सवयही लागते.

हंगामाविषयी. बर्फ वितळल्यावर मे-जूनमध्ये टायमेन अंडी घालतो, म्हणून १५ जूनपर्यंत मासेमारी बंद असते. त्यानंतरचे पहिले काही दिवस फार चांगले असतात, मासा भुकेला असतो. पण जुलैत पाऊस होतो आणि पाणी गढूळ होऊन चढते, म्हणजे आठवड्याची सगळी सहल पाण्यात जाऊ शकते. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पाणी उतरलेले आणि नितळ असते. माझे मत सप्टेंबरचे आहे. तुमच्यासाठी आणखी एक सोय अशी की त्या काळात आपल्याकडे नद्या गढूळच असतात, म्हणजे मागे काही चुकते आहे अशी हुरहुर राहत नाही.

आता साधनांचे. रॉड आणि रीळ उत्तम आहे, तेच न्या. दोन्ही लाइन मात्र घरी ठेवा. उष्ण प्रदेशाच्या लाइनचा गाभा ताठ आणि आवरण कडक असते, म्हणजे आपल्या उन्हात ती लुळी पडत नाही. तीच लाइन पाच-सहा अंशांच्या पाण्यात पेनातल्या स्प्रिंगसारखी वेटोळी घेते. ती ताणून सरळ करावी आणि पुढच्या कास्टला, म्हणजे फेकीला, पुन्हा तेच. रॉडच्या कड्यांतून सुटत नाही, अंतर मिळत नाही, आणि सर्वांत वाईट म्हणजे मासा लागल्याचे हाताला कळत नाही. थंड पाण्यासाठीची तरंगणारी लाइन नव्याने घ्यावीच लागेल, आणि जमल्यास टोकाकडे बुडणारी एक. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला धागा, सहा-सात फुटांपेक्षा लांब नको. वीस-पंचवीस पौंडी साध्या नायलॉनचा पुरतो. पाण्यावरून फिरवायच्या फ्लायला फ्लोरोकार्बन लावू नका, तो बुडतो आणि फ्लायचे नाकही खाली ओढतो.

सांतिनेजचा काका

पोरांनो, तुम्ही दोघेही शहाणे आहात, तरी एक विचारतो. भारत आणि नेपाळच्या नद्यांत महासीर आहे. सुवर्ण महासीरसाठी नेपाळात कर्णाली किंवा बबई नदीवर गेलात तर मंगोलियाच्या निम्म्याहून कमी पैशांत आठवडा होईल, जेवणात डाळभात मिळेल आणि हातपाय गोठणार नाहीत. ताकदीच्या बाबतीत महासीर कोणाला ऐकणारा नाही. असे असताना बर्फाच्या देशात जाऊन, लाखो रुपये घालून, एक मासा पकडायचा आणि तोही पाण्यात सोडून यायचे, यात कोणता शहाणपणा आहे? मी साठ वर्षे मांडवीत गरी टाकत आलो आहे. चोणक सोडून दिला असे मी घरी सांगितले असते तर मलाच जेवायला वाढले नसते.

पर्वरीचा गरवणारा

काका, महासीरबद्दल तुमचे म्हणणे शंभर टक्के मान्य. परंतु महासीर तळाशी किंवा मधल्या पाण्यात घेतो आणि घेतल्याबरोबर धावतो. टायमेन पाण्यावर येऊन मारतो. संध्याकाळ उलटल्यावर, फ्लाय दिसेनाशी झाल्यावर, काळोखात समोरच्या बाजूला कोणीतरी धोंडा टाकल्यासारखा आवाज येतो आणि लाइन मात्र सैलच असते. त्या दोन सेकंदांत काहीही न करता उभे राहणे हीच सगळी विद्या आहे. शापोरेकरांना तो अनुभव हवा आहे आणि तो नेपाळात मिळत नाही, एवढेच.

म्हार्दोळची मीनल

मी मत्स्यशास्त्र शिकवते, त्यामुळे काकांच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला आले आहे. मासा सोडायचा की नाही हा मंगोलियात पाहुण्याच्या मर्जीचा विषयच नाही. टायमेनसाठी वेगळा परवाना लागतो आणि पकडून सोडणे बंधनकारक आहे. गळ एकच आणि तोही टोकाच्या उलट्या काट्याविना चालतो, आमिष लावून मासेमारी चालत नाही. याला कारण माशाच्या जीवनक्रमात आहे. टायमेन पन्नासेक वर्षे जगू शकतो, पण प्रजननक्षम व्हायलाच त्याला बरीच वर्षे लागतात, थंड पाण्यात वाढ अगदी संथ होते, आणि मीटरभर लांबीचा मासा दहा वर्षांहून कितीतरी अधिक वयाचा असतो. मोठ्या शिकारी माशाची संख्या मुळातच कमी असते, म्हणजे एका वळणावर एखाद-दुसराच मोठा मासा. तो मारला की ती जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते. रशिया आणि चीनमध्ये पुष्कळ नद्यांतून तो नाहीसा झाला किंवा फार कमी झाला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो 'असुरक्षित' या वर्गात आहे. मंगोलियात तो टिकला याचे श्रेय विरळ वस्ती, पशुपालक समाज आणि मासे खाण्याची फारशी नसलेली सवय यांनाही जाते. टायमेन अंडी घालायला आणि हिवाळा काढायला नदीतून कित्येक किलोमीटर वरखाली जातो, त्यामुळे एग नदीवरच्या जलविद्युत धरणाचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा त्या खोऱ्यातल्या माशांची काळजी करणाऱ्यांनी विरोध केला, आणि पाणी बैकालकडे जाते म्हणून रशियानेही हरकत घेतली.

काकांना एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपला चोणक नर म्हणून वयात येतो आणि पुढे मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे बाजारात ज्या मोठ्या चोणकाभोवती गर्दी होते, तो बहुधा अंड्यांनी नदी भरू शकणारी मादीच असतो. मध्यम आकाराचा खायला न्या, काका, कोणी अडवत नाही, पण हातभर लांबीचा सोडला तर त्यात वेडेपणा काही नाही.

शापोरेकर, सोडण्याची पद्धत मात्र इथून शिकून जा. चोणकाचा जबडा लोखंडी चिमट्यासारख्या लिप ग्रिपमध्ये धरून मासा उभा लोंबकळत ठेवण्याची आपल्याकडे जी रीत पडली आहे, ती टायमेनला घातक आहे. त्या वजनाने जबडा आणि मणक्याजवळच्या पेशी फाटतात. जाड रॉडने त्याला लवकर जवळ आणा, रबरी जाळीत पाण्यातच ठेवा, ओल्या हाताने एक हात शेपटीच्या बुंध्याला आणि दुसरा छातीखाली, तोंड प्रवाहाकडे. छायाचित्रासाठी पाण्याच्या वर दोन श्वासांइतकाच वेळ. हवा शून्याच्या खाली असेल तेव्हा तेवढेही नको, कल्ले गोठतात.

सांतिनेजचा काका

मीनलबाय, चोणकाचे हे मला माहीत नव्हते. मोठा सोडायचा की नाही ते पाहू. हुमण लहान चोणकाचे जास्त चांगले होते, हे मात्र मी आधीपासूनच म्हणत आलो आहे.

शापोरेकर

दोघांचेही आभार. लाइनचा मुद्दा तर माझ्या स्वप्नातही आला नसता. आता एक अडचण विचारतो. चोणकाच्या वेळी मी रॉड न उचलता डाव्या हाताने लाइन ओढूनच गळ बसवतो, ती पद्धत तिथे चालेल का? आणि पाण्यावरून आडवी फ्लाय फिरवण्याचा सराव गोव्यात कुठे करायचा? खाजनाच्या कडेला पाणी वाहतच नाही.

पर्वरीचा गरवणारा

गळ बसवण्याची हीच पद्धत हवी, आणि इथे तुम्ही ट्राउटवाल्यांच्या पुढे आहात. नदीत ट्राउट पकडून आलेला माणूस पाणी फुटल्याबरोबर सवयीने रॉड वर करतो आणि फ्लाय माशाच्या तोंडातून उडून जाते. टायमेन पुष्कळदा पहिल्या झडपेत फ्लायला नुसता धक्का देतो, शेपटीने किंवा डोक्याने, भक्ष्य बधिर करण्यासाठी असावे. फ्लाय तशीच सरकत ठेवली तर तो वळून परत येतो. आवाजावर हालायचे नाही, लाइनमध्ये वजन आल्यावर डाव्या हाताने सपाट ओढायचे, पुन्हा एकदा ओढायचे, मग रॉड.

सरावाला शापोरा पुरेशी आहे. ओहोटीला पुलाच्या खांबांजवळ जी ओढ असते ती मंगोलियातल्या डोहाच्या तोंडाएवढीच असते. होडीतून किंवा काठाच्या भरावावरून प्रवाहाला तिरकी, थोडी खालच्या बाजूला कास्ट टाका, रॉडचे टोक खाली धरा आणि लाइन तणावात राहून फ्लाय अर्धवर्तुळात आपल्या काठाकडे येऊ द्या. मग दोन पावले खाली सरकून पुन्हा तेच. दिवसभर हेच करायचे असते. कंटाळा येतो का ते इथेच कळेल. अंतर पंधरा-अठरा मीटर नेमके पडले की पुरे. खरी अडचण फ्लायच्या आकाराची आहे. माशांच्या आकाराच्या फ्लाय वीतभर किंवा त्याहून लांब असतात आणि भिजल्यावर जड होतात. आश्वे किंवा मोरजीच्या किनाऱ्यावर समोरून वारा असताना त्या टाकता आल्या तर तिथे काही अडणार नाही. वाऱ्यात फ्लाय आपल्याच अंगावर येते, म्हणून सरावाला गळ कापून टाका, कान महत्त्वाचे आहेत.

मडगावची प्रवासी

मी मासे पकडत नाही, माझे यजमान पकडतात, पण त्यांच्या टायमेनच्या सहलीची सगळी व्यवस्था मी केली होती, म्हणून खर्च आणि प्रवासाचे लिहिते. नदीकाठच्या गेर तंबूंतला आठवडा, वाटाडे, होड्या आणि परवाने धरून माणशी पाच हजार डॉलरच्या पुढेच जातो, आणि हेलिकॉप्टर किंवा खास विमान असेल तर बराच पुढे. विमानभाडे वेगळे. गोव्याहून मुंबई किंवा दिल्ली, तिथून सोल किंवा इस्तंबूलमार्गे उलानबातर असा मार्ग पडतो. तिथून मुरुनपर्यंत देशांतर्गत विमान आणि पुढे रस्ता नसलेल्या माळावरून जीप. देशांतर्गत विमाने हवामानामुळे पुढे ढकलली जातात, तेव्हा जाताना आणि येताना उलानबातरमध्ये एकेक दिवस मोकळा ठेवाच. परदेश सहलीच्या पैशांवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जातो, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर रक्कम अडकून पडते हे हिशेबात धरा. व्हिसाचा नियम तिकीट काढण्याआधी मंगोलियाच्या दिल्लीतील दूतावासाकडून तपासून घ्या. विम्यात दुर्गम भागातून हवाई मार्गाने हलवण्याचा खर्च स्पष्ट शब्दांत लिहिलेला असला पाहिजे. सर्वांत जवळचे मोठे रुग्णालय म्हणजे राजधानी.

थंडीबद्दल एकच सांगते. सप्टेंबरमध्ये दुपारी ऊन सुखाचे असते आणि रात्री पारा शून्याखाली जातो, सकाळी रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो. जाड जाकीट इथे कोणाचेतरी उसने मिळते, पण आतले लोकरीचे कपडे आणि मोजे स्वतःचे आणि नेमके मापाचे हवेत. पाण्यात उभे राहण्याचे वेडर घेताना आत दोन मोजे घालून मापून बघावेत, कारण पाय आवळले की रक्त फिरत नाही आणि बोटे बधिर होतात. आमच्याकडे हीच तक्रार आठवडाभर चालली. सूती काहीही नेऊ नका. आणि जेवणात मटण, मटण आणि मटण. चार दिवसांनी माशांच्या कढीची आठवण निघतेच, तेव्हा पिशवीत लोणच्याची बाटली असू द्या.

म्हार्दोळची मीनल

त्यात एक भर. शापोऱ्याच्या पाण्यात वापरलेले बूट, जाळी आणि लाइन नेणार असाल तर गोड्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय तिथल्या नदीत उतरवू नका, आणि परत येतानाही तेच. एका खोऱ्यातले शेवाळ आणि रोगजंतू ओल्या बुटांतून दुसऱ्या खोऱ्यात जातात.

शापोरेकर

मडगावच्या ताईंनी आकडा सांगितल्यावर मित्राचा फोन दोन दिवस लागला नाही, पण आता तो तयार झाला आहे. सप्टेंबरच ठरवतो. शेवटचे एक विचारायचे राहिले. पाण्यावर फिरणाऱ्या उंदराच्या फ्लाय इथे बांधता येतील का? सगळ्या चित्रांत त्या हरणाच्या केसांच्या दिसतात.

पर्वरीचा गरवणारा

हरणाच्या केसांच्या भानगडीत इथे पडू नका, वन्यजीव कायदा आहे आणि त्याची गरजही नाही. बांधकाम अगदी साधे होते. चपलेच्या तळव्याला वापरतात तसल्या जाड फोमची, करंगळीएवढ्या रुंदीची पट्टी कापायची आणि पाठ म्हणून पुढून मागे दुमडून बांधायची. पुढचे टोक गळाच्या डोळ्याच्या बाहेर थोडे ठेवायचे, म्हणजे ते पाणी ढकलते. पोटाला सशाच्या कातड्याची फर असलेली पट्टी गुंडाळायची आणि शेपटीला तिचाच एक लांब तुकडा सोडायचा. गळ बांधणीच्या दोऱ्यात पुढे न ठेवता जाड वेणीच्या दोरीने मागे शेपटीखाली लोंबता ठेवा, कारण टायमेन मागून येतो; एकच गळ, आणि त्याचा उलटा काटा चिमट्याने दाबून पूर्ण सपाट. रंग काळा किंवा गडद तपकिरी पुरे. काळोखात माशाला खालून फक्त आकार दिसतो. पाच-सहा बांधून झाल्या की कोलवाळच्या पुलाखाली ओहोटीत फिरवून बघा. फ्लाय पाण्यावर नाक वर करून मागे रेघ सोडत सरकली पाहिजे. ती एका कुशीवर पडत असेल तर फोम मधोमध बसलेला नाही, आणि दहा-बारा कास्टनंतर बुडू लागली तर सशाची फर निम्मी करा.

शापोरेकर

फोम आणि सशाची पट्टी दोन्ही घरात आहे. या आठवड्यात बांधतो आणि अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला फिरवून बघतो. काका, तुम्ही होडी घेऊन येणार का? मध्यम चोणक लागला तर तो तुमचा.

सांतिनेजचा काका

येतो. पण पहाटे पाचला बोलावू नका, आणि ते गळ कापलेले उंदीर माझ्या होडीपासून लांब ठेवा.